मीटरचा काटा आणि गच्चीवरची केबल

ट्रान्समीटर आणि अँटेना यांना जोडणाऱ्या केबलला किंवा तारांच्या जोडीला फीडलाइन म्हणतात. हौशी रेडिओ केंद्रात, म्हणजे हॅमच्या शॅकमध्ये, सगळ्यात कमी लक्ष जाते ते हिच्याकडेच. सेट टेबलावर डोळ्यांसमोर असतो, अँटेना गच्चीवर उभी दिसते. केबल खिडकीच्या फटीतून बाहेर पडून भिंतीच्या कडेने वर जाते आणि एकदा क्लिपा ठोकल्या की वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी फिरकत नाही. या छंदात वीस-पंचवीस वर्षे घालवलेल्या माणसाचा अनुभव मात्र असा असतो की सेट क्वचित बिघडतो, अँटेना कधीमधी बिघडते, आणि पुन्हापुन्हा खाली उतरवावी लागते ती केबल.

प्रत्येक फीडलाइनला स्वतःचा इंपिडन्स असतो. तो ओहममध्ये सांगतात खरे, पण तो मल्टिमीटरने मोजता येत नाही. 50 ओहम छापलेल्या केबलच्या मधल्या तारेला आणि बाहेरच्या जाळीला मीटर लावून 50 चा आकडा शोधत बसणे, हा जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचा पहिला उद्योग असतो. मीटर काहीच दाखवत नाही आणि केबल खराब निघाली असा समज होतो. केबलमधून धावणाऱ्या लहरीचा विद्युतदाब आणि प्रवाह यांचे जे गुणोत्तर, तो हा इंपिडन्स. मधल्या तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि दोहोंमधले प्लास्टिक यांवर तो ठरतो. केबल दोन मीटर असो वा दोनशे, तो बदलत नाही. अशी एकात एक बसवलेल्या वाहकांची, म्हणजे कोॲक्स, रचना इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1880 मध्ये पेटंट करून घेतली होती. तारांवरून लहरी कशा जातात याचे गणितही मुख्यतः त्यांनीच उभे केले. मधे हवा असलेल्या कोॲक्समध्ये सर्वांत कमी घट 77 ओहमच्या आसपास होते आणि सर्वाधिक शक्ती 30 ओहमच्या आसपास झेपते. रेडिओवाल्यांचे 50 ओहम हा या दोहोंमधला तोडगा आहे. टीव्हीवाल्यांना शक्ती पाठवायची नसते, म्हणून त्यांची केबल 75 ओहमची.

जाड दोराला पुढे बारीक सुतळी बांधून दोराला झटका दिला, तर लाट गाठीपर्यंत जाते. थोडी सुतळीत शिरते, थोडी मागे फिरते. फीडलाइन आणि अँटेना यांचा इंपिडन्स जुळला नाही की हेच होते. जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळून केबलवर काही ठिकाणी दाब वाढलेला, काही ठिकाणी घटलेला असा ठरावीक अंतराचा नमुना तयार होतो. ही स्थिर लहर. तिच्या सर्वाधिक आणि सर्वांत कमी दाबाचे गुणोत्तर म्हणजे स्टँडिंग वेव्ह रेशो, रोजच्या बोलण्यातला एसडब्ल्यूआर. 50 ओहमच्या केबलला शुद्ध 100 ओहमचा भार जोडला तर तो 2 येतो. 25 ओहमचा जोडला तरी 2 च. काहीच परत आले नाही तर 1.

इथपर्यंतचे परवान्याच्या परीक्षेसाठी सगळेच पाठ करतात. या आकड्यांचे वजन किती, हे समजायला मात्र वर्षे जातात. एसडब्ल्यूआर 1.5 असताना परतणारी शक्ती अवघी 4 टक्के असते, 2 असताना 11 टक्के आणि 3 असताना 25 टक्के. 11 टक्के म्हणजे अर्धा डेसिबेल. समोरच्या केंद्राच्या मीटरवरचा एक एस-युनिट 6 डेसिबेलचा धरतात, तेव्हा हा फरक एका एस-युनिटचा बारावा हिस्सा झाला. तो कानाला कळत नाही.

मुंबईच्या उपनगरातल्या एका नव्या परवानाधारकाने 40 मीटरच्या पट्ट्यासाठी उलट्या व्ही आकाराचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना, बांधला. 7.1 मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीची तार साधारण 20 मीटर लागते. 143 ला मेगाहर्ट्झने भागले की मीटर मिळतात, हे सूत्र इथे बरोबर चालते. एसडब्ल्यूआर मीटरने 1.6 दाखवले. मग चार महिने दर रविवारी गच्चीवर जाऊन तार दोन-दोन सेंटिमीटरने कापणे, पुन्हा जोडणे, टोके वर-खाली करणे सुरू राहिले. शेवटी काटा 1.1 वर आला. त्या चार महिन्यांत त्या केंद्रावरून बोलणे मात्र जवळजवळ झाले नाही, आणि 1.1 झाल्यावरही बंगळुरू किंवा दिल्लीच्या केंद्रांनी दिलेला रिपोर्ट पूर्वीचाच राहिला. अँटेना तीन मीटर वर नेण्यात ते रविवार गेले असते तर फरक पहिल्याच संध्याकाळी ऐकू आला असता.

एसडब्ल्यूआरच्या या भीतीचे मूळ सेटमध्ये आहे. व्हॉल्व्हच्या सेटला शेवटी फिरवून जुळवता येणारे मंडल असे आणि एसडब्ल्यूआर 3 असला तरी तो सेट निमूटपणे शक्ती देई. ट्रान्झिस्टरचे सेट आले आणि त्यांचा आउटपुट 50 ओहमला कायमचा बांधला गेला. एसडब्ल्यूआर 2 च्या पुढे सरकला की त्यांचे संरक्षक मंडल शक्ती कमी करते. सेटची ही अडचण हळूहळू अँटेनाचा दोष म्हणून सांगितली जाऊ लागली. परतलेली शक्ती फुकट जाते, ही समजूतही तिथेच रुजली. वास्तविक ट्यूनर किंवा जुळवणीचे मंडल नीट लावलेले असेल तर परतलेली लहर तिथून पुन्हा अँटेनाकडे वळते. अमेरिकेतले वॉल्टर मॅक्सवेल यांनी आरसीए कंपनीत टायरॉस या हवामान उपग्रहाच्या अँटेनांवर काम केले होते. 1973 पासून ‘क्यूएसटी’ या मासिकात त्यांनी याच विषयावर लेखमाला लिहिली. पन्नास वर्षे होऊन गेली, तरी ‘रिफ्लेक्टेड पॉवर सेट जाळते’ हे वाक्य अजून रोज ऐकू येते.

परतलेली लहर केबलमधून जितक्या वेळा ये-जा करते, तितक्या वेळा केबल तिच्यातला आपला वाटा उष्णतेच्या रूपात घेते. खरे नुकसान होते ते इथे. म्हणून एसडब्ल्यूआर किती, या प्रश्नाला केबलची घट ठाऊक असल्याशिवाय अर्थ नाही. केबलची स्वतःची घट अर्धा डेसिबेल असेल आणि एसडब्ल्यूआर 3 असेल, तर जादा नुकसान जेमतेम पाव ते तीन दशांश डेसिबेल. केबलचीच घट 3 डेसिबेल असेल, तर त्याच एसडब्ल्यूआरने आणखी एक डेसिबेल जातो. लघुलहरींवर चांगल्या केबलने काळजी करू नये, असे जे म्हणतात ते यामुळे. व्हीएचएफवर, म्हणजे 145 मेगाहर्ट्झच्या वर्गात, हिशेब पूर्ण बदलतो.

तिथली एक घटना अनेकांच्या बाबतीत थोड्याफार फरकाने घडलेली आहे. पुण्यातल्या एका इमारतीत वरच्या टाकीशेजारी 2 मीटर पट्ट्याची उभी अँटेना होती आणि तिथून पहिल्या मजल्यापर्यंत 30 मीटर आरजी-58 केबल उतरवलेली. ही बोटाहून बारीक, वळवायला सोपी, स्वस्त केबल. शॅकमधल्या मीटरवर एसडब्ल्यूआर 1.7 येई. सेट 25 वॅट देई, रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र, मात्र अडखळत उघडे. दोष रिपीटरच्या जागेवर, डोंगरावर, शेजारच्या नव्या इमारतीवर टाकून झाला. एकदा सुट्टीच्या दिवशी गच्चीवर गेल्यावर दिसले की अँटेनाचा कनेक्टर सुटून केबल मोकळी लोंबते आहे. किती दिवसांपासून, ते कोणालाच सांगता आले नाही. वर अँटेनाच जोडलेली नव्हती आणि खाली मीटर 1.7 दाखवत होता.

यात मीटरची चूक काहीच नव्हती. या लांबीची आरजी-58 केबल 145 मेगाहर्ट्झला सुमारे 6 डेसिबेल खाते. मोकळ्या टोकावरून सगळी लहर परत फिरते, पण जाताना 6 आणि येताना 6, असे 12 डेसिबेल गमावून ती मीटरपाशी पोचते. तेवढीच परतलेली लहर म्हणजे एसडब्ल्यूआर 1.67. त्याच केबलवर अँटेनापाशी एसडब्ल्यूआर 3 असता तर खाली 1.3 दिसला असता आणि मालकाने समाधानाने मीटर बंद केला असता. कनेक्टर पुन्हा लावल्यावरही 25 वॅटपैकी वर सहाच पोचत होते. तिथे जाड आरजी-213 टाकल्यावर ते तेरा-चौदा झाले, आणि ऐकण्यातही तितकीच सुधारणा झाली. केबलची घट येणाऱ्या सिग्नललाही तितकीच लागू असते. पॉवर ॲम्प्लिफायरसाठी पैसे साठवणारे हे विसरतात. ॲम्प्लिफायरने दूरचे केंद्र जास्त ऐकू येत नाही, चांगल्या केबलने येते. पहिला जादा रुपया केबलवर खर्च करावा, हे मत या एका प्रसंगावरून बनलेले नाही, पण या प्रसंगानंतर त्याबद्दल शंका उरत नाही.

कोकण किनाऱ्यावरच्या एका केंद्राची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे 145 मेगाहर्ट्झच्या ग्राउंड प्लेन अँटेनाला आरजी-213 जोडलेली होती आणि मे महिन्यात एसडब्ल्यूआर 1.4 होता. ऑगस्टमध्ये तो 1.1 झाला. कोणी अँटेनाला हात लावला नव्हता. ओल्या हवेने अँटेना सुधारली, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले आणि ते मानलेही गेले. सप्टेंबरात दूरची केंद्रे ऐकू येईनाशी झाली. केबल उतरवून वरचे टोक कापले तेव्हा तांब्याची जाळी काळी पडलेली निघाली, मधेमधे हिरवट. एक मीटर कापले, तरी काळी. आणखी एक कापले, तरी तशीच. पाणी कनेक्टरमधून शिरले होते आणि कंदिलाची वात तेल ओढते तसे जाळीच्या तारांमधून पुढेपुढे झिरपत गेले होते. 1.4 चा 1.1 होण्यासाठी परतलेल्या लहरीतले दहा-अकरा डेसिबेल नाहीसे व्हावे लागतात; म्हणजे एका दिशेने जाताना पाच डेसिबेलहून अधिक. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत अँटेनाला मिळणारी शक्ती मेमधल्या एक तृतीयांशाहूनही खाली आली होती आणि मीटरचा काटा तेवढाच सुधारत होता.

कारण नसताना सुधारलेला एसडब्ल्यूआर हा बिघाडच समजावा. बिघडलेला एसडब्ल्यूआर निदान लक्ष तरी वेधून घेतो. डमी लोडचा, म्हणजे शक्ती नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या चाचणीच्या भाराचा, एसडब्ल्यूआर 1 असतो आणि त्यातून काहीही प्रक्षेपित होत नाही, ही गोष्ट पुस्तकात सगळे वाचतात. पाण्याने भिजलेली लांब केबल म्हणजे गच्चीपर्यंत नेलेला डमी लोडच, हे केबल कापल्यावर पटते.

पाणी शिरते ते बहुतेक वेळा पीएल-259 कनेक्टरमधून. हा कनेक्टर स्वस्त आणि दणकट आहे, पण जलरोधक नाही. त्यावर नुसती काळी इन्सुलेशन टेप गुंडाळणे म्हणजे एका पावसाची सोय. आधी ताणून लावायची, स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप आणि तिच्यावर उन्हापासून राखण म्हणून पीव्हीसी टेप, ही पद्धत टिकते. टेप खालून वर गुंडाळत न्यावी. वरचा वेढा खालच्या वेढ्यावर चढला पाहिजे, कौलारू छपरावर वरचे कौल खालच्यावर चढते तसा. उलटी गुंडाळली तर प्रत्येक वेढा पाण्यासाठी पन्हाळीचे काम करतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. त्यातले आम्ल तांबे खाते. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झुकता झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते. एवढे न केलेल्या एका घरात पाणी केबलमधूनच उतरून सेटच्या मागच्या सॉकेटमधून टेबलावर ठिबकत होते.

केबलची लांबी बदलली की एसडब्ल्यूआर बदलतो, असे सांगणारे बरेच भेटतात. मीटरवर तसे दिसते, हे खरे आहे. घट सोडली तर केबलवरचा खरा एसडब्ल्यूआर मात्र लांबीने बदलत नाही. तसे दिसू लागले की दोन शक्यता तपासाव्यात. पहिली साधी आहे: केबल 50 ओहमची नाही. 50 ओहमच्या अँटेनाला 75 ओहमची केबल लावली तर केबलवर 1.5 असतो. पण अर्ध्या तरंगलांबीची केबल खाली जसाच्या तसा 50 ओहम दाखवते, आणि पाव तरंगलांबीची त्याचे 112 करून दाखवते. म्हणून 50 ओहमचा मीटर कधी 1, कधी 2.25 सांगतो. या लांब्या काढताना केबलमधला वेग धरावा लागतो. घन पॉलिथिनच्या केबलमध्ये लहर प्रकाशाच्या वेगाच्या 66 टक्के वेगानेच जाते, त्यामुळे 145 मेगाहर्ट्झचा पाव तरंगलांबीचा तुकडा 52 सेंटिमीटरचा नव्हे, 34 सेंटिमीटरचा कापायचा असतो. हे न धरता कापलेले तुकडे जवळजवळ प्रत्येक शॅकच्या खणात पडलेले असतात.

दुसरी शक्यता ओळखायला कठीण आणि अधिक त्रासाची. डायपोलला कोॲक्स थेट जोडली की काही प्रवाह जाळीच्या बाहेरच्या अंगावरून खाली उतरतो. केबलच अँटेनाचा भाग होते आणि तिची लांबी बदलणे म्हणजे अँटेना बदलणे. एका केंद्रात मायक्रोफोनला ओठ लागला की चटका बसे, संगणकाचे स्पीकर बोलण्यासोबत घुमत आणि केबलला हात लावला की मीटरचा काटा हले. दोन मीटर केबल जोडल्यावर 1.9 चा 1.3 झाला, आणि ही ‘भाग्याची लांबी’ कित्येक वर्षे जपली गेली. अखेर अँटेनाच्या जोडापाशी केबलचे दहा-बारा वेढे फेराइटच्या कड्यातून घेतल्यावर बाहेरचा प्रवाह अडला. चटके थांबले, स्पीकर गप्प झाले आणि एसडब्ल्यूआर 1.6 वर स्थिरावला. आकडा वाढला, पण आता तो अँटेनाचा होता. रात्री पट्ट्यावरचा घरगुती गोंगाटही कमी झाला, कारण तो याच जाळीवरून वर चढत असे.

75 ओहमच्या केबलला नाके मुरडणारे आहेत. गल्लोगल्ली केबल टीव्हीसाठी पसरलेली आरजी-6 ही 30 मीटरला 145 मेगाहर्ट्झवर अडीच डेसिबेलच्या आसपास खाते, म्हणजे आरजी-58 च्या निम्म्याहून कमी. 1.5 एसडब्ल्यूआरमुळे परतणारे 4 टक्के या बचतीपुढे काहीच नाहीत. अडचण जोडणीची आहे: तिची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर सोल्डर बसत नाही, दाबून बसवायचा एफ कनेक्टरच वापरावा लागतो. पैसे कमी असलेल्या विद्यार्थ्याने बारीक 50 ओहमच्या केबलऐवजी हीच घ्यावी.

लघुलहरींवर अनेक पट्टे एकाच तारेवर चालवायचे असतील तर दोन उघड्या तारांची जुनी फीडलाइन अजूनही सर्वांत चांगली आहे. 2 मिलिमीटरच्या दोन तारा 10 सेंटिमीटर अंतरावर ठेवल्या की सुमारे 550 ओहमची लाइन तयार होते. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे मधे ठेवून ती घरी बनते. तिची घट इतकी कमी असते की एसडब्ल्यूआर 10 असला तरी नुकसान सोसण्यासारखे राहते, आणि शॅकमधला ट्यूनर बाकीचे सांभाळतो. कोॲक्सवर 10 एसडब्ल्यूआर ठेवून ट्यूनरने सेटपुरता 1 करणे ही गोष्ट वेगळी. तेव्हा लाइनवरचा 10 तसाच राहतो आणि केबल तापते. उघड्या तारा भिंतीपासून, पत्र्यापासून दूर ठेवाव्या लागतात. विजेच्या तारांजवळून तर कोणतीच अँटेना किंवा फीडलाइन कधीही नेऊ नये.

वर चढून मोजण्याला पर्याय नाही, पण केबलची तब्येत खालूनही कळते. वरचे टोक अँटेनापासून सोडवून मोकळे ठेवावे आणि खाली ॲनालायझरने किंवा अगदी कमी शक्तीवर एसडब्ल्यूआर पाहावा. इथे मोठा आकडा चांगला. 8.7 आला तर केबलची घट 1 डेसिबेल, 4.4 आला तर 2, 3 आला तर 3, आणि 1.7 च्या खाली आला तर 6 डेसिबेलहून जास्त. केबल बसवली त्याच दिवशी, अँटेना जोडण्याआधी, ही मोजणी करावी आणि आकडा तारीख व वारंवारतेसह वहीत लिहावा. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरला की, तीच मोजणी त्याच वारंवारतेवर पुन्हा करावी. आकडा घटलेला दिसला तर सेट उघडू नये, अँटेना कापू नये. केबल उतरवावी आणि वरचा कनेक्टर कापून जाळीचा रंग पाहावा.